गोंधळात टाकणारी इंग्रजी क्रियापदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमातून शिकून पुढे नोकरीत, उच्च शिक्षणात किंवा परदेशी पत्रव्यवहारात रोज इंग्रजी लिहावे लागणाऱ्यांना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. इंग्रजी शब्द आणि वाक्ये देवनागरीत लिहिली आहेत. जिथे स्पेलिंगमुळेच घोटाळा होतो, तिथे अक्षरे सुटी करून दाखवली आहेत.

मराठी भाषकाचा गोंधळ इंग्रजाच्या गोंधळापेक्षा वेगळा असतो का?

बराचसा वेगळा असतो. इंग्रजी हीच मातृभाषा असलेली माणसे 'लाय' आणि 'ले' किंवा 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' यांत चुकतात, परंतु 'बॉरो' आणि 'लेंड', 'से' आणि 'टेल', 'डाउट' आणि 'सस्पेक्ट' यांत ती सहसा चुकत नाहीत. आपण मात्र तिथेच अडखळतो, कारण एका मराठी क्रियापदाचे काम इंग्रजीत दोन-तीन क्रियापदांनी वाटून घेतलेले असते, आणि कधी याच्या अगदी उलट असते. म्हणून इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेत छापलेल्या 'चुकणाऱ्या शब्दां'च्या याद्या पाठ करून मराठी विद्यार्थ्याला अर्धाच उपयोग होतो. सकर्मक-अकर्मक, प्रयोजक क्रियापद आणि विभक्ती हे शाळेत शिकलेले मराठी व्याकरण या कामी फार उपयोगी पडते, हे पुढच्या उत्तरांवरून दिसेल.

'लाय' आणि 'ले' यांत फरक काय, आणि तो लक्षात का राहत नाही?

'लाय' म्हणजे आडवे होणे, पडून राहणे किंवा एखाद्या जागी असणे. 'ले' म्हणजे ठेवणे, अंथरणे, रचणे. पहिले अकर्मक आहे, दुसऱ्याला कर्म लागते. विटा रचणारा गवंडी, अंडी घालणारी कोंबडी आणि कोनशिला बसवणारे मंत्री यांच्यासाठी 'ले' वापरावे. जेवणानंतर पलंगावर पडलेले आजोबा आणि कृष्णेकाठी वसलेले वाई यांच्यासाठी 'लाय' वापरावे: 'वाई लाइज ऑन द बँक्स ऑफ द कृष्णा'.

लक्षात न राहण्याचे कारण भूतकाळात आहे. 'लाय' चालते 'लाय, ले, लेन' असे, आणि 'ले' चालते 'ले, लेड, लेड' असे; म्हणजे एकाचा भूतकाळ हेच दुसऱ्याचे मूळ रूप आहे. त्यामुळे 'येस्टरडे आय ले डाउन फॉर ॲन अवर' हे कानाला चुकीचे वाटले तरी बरोबर आहे, आणि 'आय लेड डाउन' हे सर्रास ऐकू येत असले तरी लेखनात टाळावे. त्यात खोटे बोलणे या अर्थाचे तिसरे 'लाय' येते, ते 'लाय, लाइड, लाइड' असे नियमित चालते. 'ही इज लेइंग ऑन द बेड' असे इंग्रज आणि अमेरिकनही बोलून जातात. परंतु अर्जात किंवा अहवालात तिथे एल-वाय-आय-एन-जी असे 'लाइंग'च हवे.

क्रियापद सकर्मक आहे की अकर्मक, हे चटकन कसे ओळखावे?

मराठी वाक्य साध्या भूतकाळात आणि तृतीय पुरुषात म्हणून पाहावे. कर्त्याला 'ने' लागला तर क्रियापद बहुधा सकर्मक असते, न लागल्यास अकर्मक. 'त्याने सतरंजी अंथरली' यात 'ने' आहे, म्हणून 'ले'. 'तो सतरंजीवर आडवा झाला' यात 'ने' नाही, म्हणून 'लाय'. 'मी' आणि 'तू' यांना प्रमाण मराठीत हा 'ने' लागत नसल्यामुळे कसोटी 'तो' किंवा 'ती' घेऊनच करावी. 'त्याने जावे' यासारख्या विध्यर्थी रचना येथे उपयोगाच्या नाहीत.

कसोटीला अपवाद आहेत आणि ते नेमके नेहमीच्या वापरातले आहेत. 'तो धडा शिकला', 'ती चहा प्याली', 'तो निरोप विसरला', 'ती म्हणाली' या वाक्यांत कर्म असूनही किंवा येऊ शकत असूनही 'ने' येत नाही. शिकणे, पिणे, विसरणे, म्हणणे अशी मोजकी क्रियापदे बाजूला ठेवली, तर बाकी ठिकाणी ही कसोटी दगा देत नाही.

'राइज' आणि 'रेज' ही जोडीही अशीच आहे का?

होय, आणि तिच्याकडे पाहिले की मराठी भाषकाला हायसे वाटायला हरकत नाही. मराठीत उठणे-उठवणे, निजणे-निजवणे, पडणे-पाडणे अशा जोड्या आहेत. मूळ क्रिया कर्ता स्वतः करतो, आणि प्रयोजक रूपात ती तो दुसऱ्याकडून घडवून आणतो. इंग्रजीतही एके काळी ही सोय जिवंत होती. 'लाय'चे प्रयोजक 'ले', 'सिट'चे 'सेट', 'फॉल'चे 'फेल'. शेवटची जोडी तर आपल्या 'पडणे-पाडणे'सारखी आतला स्वर बदलूनच होते: झाड पडले तर 'द ट्री फेल', आणि लाकूडतोड्याने ते पाडले तर 'ही फेल्ड द ट्री'.

'राइज'चे मूळ इंग्रजी प्रयोजक 'रिअर' हे होते. 'रेज' हे त्याचे जुळे भावंड जुन्या नॉर्स भाषेतून, म्हणजे इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत येऊन वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीतून आले आणि पुढे त्यानेच बहुतेक काम बळकावले. 'रिअर' आता मुख्यत्वे गुरे पाळणे आणि मुले वाढवणे एवढ्यापुरते उरले आहे. व्यवहारात लक्षात ठेवायचे ते इतकेच की सूर्य, भाव, पाण्याची पातळी आणि सभेत उभा राहणारा माणूस यांच्यासाठी 'राइज, रोज, रिजन'. हात वर करणे, भाडे वाढवणे, मुद्दा उपस्थित करणे, निधी उभारणे यांसाठी 'रेज, रेज्ड, रेज्ड'. 'द प्राइसेस हॅव रेज्ड' हे वाक्य कार्यालयीन अहवालांत वारंवार दिसते. भाव आपोआप वाढले असतील तर 'हॅव रिजन' लिहावे, आणि दुकानदाराने वाढवले असतील तर दुकानदाराला कर्ता करावे.

मराठीत दोन क्रियापदे आणि इंग्रजीत एकच, असे कधी होते का?

पुष्कळ वेळा होते आणि तिथे उगाच दुसरा शब्द शोधत बसू नये. फुटणे आणि फोडणे या दोहोंना 'ब्रेक' चालते: 'द ग्लास ब्रोक' आणि 'शी ब्रोक द ग्लास'. उघडणे, उकळणे, वितळणे, थांबणे-थांबवणे, सुरू होणे-सुरू करणे यांचेही तसेच आहे. 'द वॉटर वॉज बॉइल्ड' लिहिल्यास कोणीतरी पाणी उकळले असा अर्थ होतो. पाणी नुसते उकळले असेल तर 'द वॉटर बॉइल्ड' पुरते.

'बॉरो' आणि 'लेंड' यांत नेहमी उलटसुलट होते. काय करावे?

मराठीत 'उसने' किंवा 'उधार' हा शब्द तोच राहतो आणि दिशा 'घेणे' किंवा 'देणे' यावरून कळते. इंग्रजीत दिशा क्रियापदाच्या पोटातच आहे: 'बॉरो' म्हणजे उसने घेणे, 'लेंड' म्हणजे उसने देणे. 'बॉरो'बरोबर 'फ्रॉम' येतो, 'लेंड'बरोबर 'टू' येतो किंवा घेणाऱ्याचे नाव लगेच येते. 'कॅन यू बॉरो मी युअर पेन' ही चूक टाळण्यासाठी वाक्य आधी 'देशील का' असे म्हणावे की 'घेऊ का' असे, हे ठरवावे. 'देशील का' असेल तर 'कॅन यू लेंड मी', 'घेऊ का' असेल तर 'कॅन आय बॉरो'.

गंमत अशी की घर भाड्याने देण्या-घेण्यात इंग्रजी स्वतःच हा भेद ठेवत नाही. 'वी रेंटेड अ फ्लॅट' एवढ्यावरून माणूस घरमालक आहे की भाडेकरू, हे कळत नाही. म्हणून देणाऱ्याने 'रेंट आउट' म्हणावे. ब्रिटिश इंग्रजीत भाड्याने देण्यासाठी 'लेट' हेही चालते आणि 'टू लेट' ही पाटी त्यातूनच आली आहे.

'से', 'टेल', 'स्पीक' आणि 'टॉक' यांपैकी कोणते केव्हा वापरावे?

पहिल्या दोघांसाठी मराठी जवळजवळ तयार उत्तर देते. 'म्हणणे' म्हणजे 'से' आणि 'सांगणे' म्हणजे 'टेल'. म्हणताना शब्द महत्त्वाचे असतात, ऐकणारा असो वा नसो. सांगताना कोणाला सांगितले हे महत्त्वाचे असते. म्हणून 'टेल'नंतर ऐकणारा थेट यावा लागतो: 'ही टोल्ड मी'. 'ही सेड मी' हे चूक, आणि 'ही टोल्ड टू मी' हेही चूक. 'मला सांगितले' मधला 'ला' आपण 'टू' म्हणून इंग्रजीत नेतो, तो तिथे लागत नाही. 'से'नंतर मात्र 'टू' लागतो.

गोष्ट, सत्य, भविष्य, विनोद यांना मराठीत 'सांगणे' येते आणि इंग्रजीतही 'टेल'च येते. खोटे मात्र मराठीत बोलले जाते आणि इंग्रजीत सांगितले जाते, म्हणून 'टेल अ लाय'. 'स्पीक अ लाय' असे रूढ इंग्रजीत म्हणत नाहीत.

'स्पीक' आणि 'टॉक' दोन्ही 'बोलणे'च आहेत. भाषेचे नाव आले की 'स्पीक' हवे, जसे 'शी स्पीक्स कोंकणी ॲट होम'. सभेत भाषण किंवा दूरध्वनीवर औपचारिक विचारणा असली तरी 'स्पीक'च. गप्पा, चर्चा, वाटाघाटी यांना 'टॉक' शोभते.

'एक्सप्लेन मी' आणि 'डिस्कस अबाउट' चूक का मानतात?

कारण मराठी विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये जशीच्या तशी इंग्रजीत उतरत नाहीत. 'मला समजावून सांगा' यात 'टेल मी'सारखी रचना अपेक्षित वाटते, परंतु 'एक्सप्लेन'नंतर आधी विषय येतो आणि मग 'टू मी': 'प्लीज एक्सप्लेन द क्लॉज टू मी'. 'सजेस्ट' आणि 'डिस्क्राइब' यांचेही तेच. उलट, 'या विषयावर चर्चा केली' यातले 'वर' आपण 'अबाउट' किंवा 'ऑन' म्हणून चिकटवतो, तर 'डिस्कस'ला थेट कर्म लागते. 'तिच्याशी लग्न केले' यातल्या 'शी'मुळे 'मॅरीड विथ हर' होते, 'पुण्याला पोहोचलो' यातल्या 'ला'मुळे 'रीच्ड टू पुणे' होते, आणि 'त्यावर परिणाम झाला' यातल्या 'वर'मुळे 'अफेक्टेड ऑन'. या तिन्ही ठिकाणी मधला शब्द गाळावा.

'स्टील' आणि 'रॉब', 'विन' आणि 'बीट' यांतला भेद अर्थाचा आहे की वापराचा?

कर्म कोणते घ्यायचे, याचा आहे. 'स्टील'चे कर्म म्हणजे चोरलेली वस्तू. 'रॉब'चे कर्म म्हणजे लुटला गेलेला माणूस किंवा जागा. लोकलमध्ये मोबाइल गेला तर 'माय फोन वॉज स्टोलन', आणि बँकेवर दरोडा पडला तर 'द बँक वॉज रॉब्ड'. चोरणे आणि लुटणे यांत आपण साधारण हाच भेद पाळतो, फक्त इंग्रजी लिहिताना विसरतो.

'विन'चे कर्म सामना, चषक, निवडणूक किंवा खटला. 'बीट'चे कर्म प्रतिस्पर्धी. 25 जून 1983 रोजी लॉर्ड्सवर भारताने 183 धावा केल्या, वेस्ट इंडिजला 140 धावांत गुंडाळले आणि 43 धावांनी विजय मिळवला. याचे वर्णन करताना 'इंडिया वन द वर्ल्ड कप' आणि 'इंडिया बीट वेस्ट इंडीज' असे लिहावे. 'इंडिया वन वेस्ट इंडीज' असे लिहिल्यास भारताने तो संघच बक्षीस म्हणून जिंकला, असा अर्थ निघतो. 'बीट'चा भूतकाळ 'बीट'च राहतो, हेही ध्यानात असू द्यावे.

'लूज' आणि 'लूस' हे स्पेलिंगमध्ये इतके जवळ का दिसतात?

इंग्रजीतला एक 'ओ' वाढला की अर्थ बदलतो. एका 'ओ'चे क्रियापद म्हणजे गमावणे किंवा हरणे, आणि त्याचा उच्चार 'लूज'. दोन 'ओ'चे विशेषण म्हणजे सैल, आणि त्याचा उच्चार 'लूस'. देवनागरीत लिहिले की भेद लगेच दिसतो, म्हणून लिहिण्यापूर्वी मनात देवनागरीत उच्चारून पाहावे. मराठीत 'हरवणे' हे दुहेरी आहे: 'छत्री हरवली' यासाठी 'लूज', परंतु 'मुंबईला हरवले' यासाठी 'बीट' किंवा 'डिफीट'.

'सी', 'लुक' आणि 'वॉच'. 'हिअर' आणि 'लिसन' यांची निवड कशी करावी?

वाक्य 'मला' ने सुरू होते की 'मी' ने, हे पाहावे. 'मला दिसले', 'मला ऐकू आले' यांत आपला प्रयत्न नसतो, ते आपोआप घडते. तिथे 'सी' आणि 'हिअर'. 'मी पाहिले', 'मी ऐकले' यांत लक्ष आपण देतो. तिथे 'लुक ॲट' आणि 'लिसन टू'. 'वॉच' हे काही काळ चालणाऱ्या, हलत्या-बदलत्या गोष्टीसाठी असते, जसे सामना, दूरचित्रवाणी किंवा अंगणात खेळणारे मूल. चित्रपटगृहातल्या चित्रपटाला 'सी' चालते, घरी पडद्यावर लावलेल्याला 'वॉच' अधिक बरे.

येथे एक खास मराठी घसरण आहे. 'डॉक्टरांना दाखवले' याचे 'आय शोड टू द डॉक्टर' असे भाषांतर फार ऐकू येते. काय दाखवले, हा प्रश्न इंग्रज श्रोत्याच्या मनात राहून जातो. तिथे 'आय सॉ अ डॉक्टर' असे म्हणतात.

'कम' आणि 'गो', 'ब्रिंग' आणि 'टेक' यांत चूक होण्याचे कारण काय? मराठीत तर येणे-जाणे आणि आणणे-नेणे स्पष्ट आहे.

भेद स्पष्ट आहे, आणि बोलणारा किंवा ऐकणारा जिथे असेल त्या दिशेने 'कम' व 'ब्रिंग', अन्यत्र 'गो' व 'टेक', हा नियमही मराठीशी जुळतो. 'तुमच्या कार्यालयात कागदपत्रे आणून देतो' यासाठी 'ब्रिंग', आणि 'बँकेत नेतो' यासाठी 'टेक'. अडचण दोन सवयींमुळे होते. पहिली म्हणजे निरोप घेताना 'जातो' म्हणणे अशुभ मानून 'येतो' म्हणण्याची रीत. ती जशीच्या तशी इंग्रजीत नेऊन दारातून बाहेर पडताना 'आय ॲम कमिंग' म्हटले, तर यजमान बुचकळ्यात पडतात. दुसरी म्हणजे 'घेऊन ये' या जोडक्रियेचे 'टेक अँड कम' असे शब्दशः रूप. तिथे एकटे 'ब्रिंग' पुरते, आणि 'जाऊन घेऊन ये' असेल तर 'फेच' किंवा 'गेट'.

'डाउट' आणि 'सस्पेक्ट' यांना मराठीत शंका किंवा संशयच म्हणतात. मग फरक कुठे आहे?

या जोडीत अर्थ अगदी उलटा होतो, म्हणून या यादीत सर्वांत जास्त काळजी येथे घ्यावी. कार्यालयातून एक फाइल गहाळ झाली आहे असे समजू. 'मला शंका आहे की ती शिपायानेच नेली' असे मनात धरून कोणी 'आय डाउट दॅट द पीयून टुक इट' असे लिहिले, तर इंग्रजी वाचणारा समजतो की लिहिणाऱ्याच्या मते शिपायाने फाइल नेलेली नाही. आरोप करायचा होता आणि झाली पाठराखण. तिथे 'आय सस्पेक्ट दॅट' हवे होते.

मराठीत 'शंका' दोन्हीकडे जाते: 'तो येईल याची शंका आहे' म्हणजे बहुधा येणार नाही, आणि 'त्यानेच केले अशी शंका आहे' म्हणजे बहुधा केले. आपण संदर्भावरून अर्थ लावतो. इंग्रजीत आता ही मोकळीक उरलेली नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'डाउट'लाही भीती किंवा संशयाचा अर्थ होता, परंतु आजचा वाचक तो लावत नाही. मन 'असेल'कडे झुकत असेल तर 'सस्पेक्ट', 'नसेल'कडे झुकत असेल तर 'डाउट', एवढी खूण पुरेशी आहे. माणसाच्या बाबतीतही, 'आय सस्पेक्ट हिम' म्हणजे त्याने काही वाईट केले असावे असे मला वाटते, आणि 'आय डाउट हिम' म्हणजे त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास बसत नाही.

वर्गात हात वर करून 'आय हॅव अ डाउट' म्हणणे भारतात सर्वत्र चालते. भारताबाहेरच्या शिक्षकाला मात्र विद्यार्थी आपल्या म्हणण्यावर अविश्वास दाखवतो आहे असे वाटू शकते. तिथे 'क्वेश्चन' म्हणावे.

दिवा, पंखा, टीव्ही यांच्यासाठी 'ओपन' आणि 'क्लोज' का चालत नाही?

'बंद करणे' हे मराठीत दारालाही लागते आणि पंख्यालाही, म्हणून 'क्लोज द फॅन' असे तोंडातून निघते. इंग्रजीत 'क्लोज' आणि 'ओपन' दार, खिडकी, डबा, पुस्तक, डोळे यांच्यासाठी. विजेच्या आणि नळाच्या वस्तूंसाठी 'टर्न ऑफ', 'टर्न ऑन' किंवा विजेपुरते 'स्विच ऑफ', 'स्विच ऑन'. 'लावणे' तर याहून अवघड आहे: दिवा लावला की तो सुरू होतो आणि दार लावले की ते बंद होते. त्याशिवाय झाड लावणे, मलम लावणे, शिस्त लावणे, रांग लावणे आहेच. 'लावणे'साठी एक इंग्रजी शब्द शोधू नये. काय लावले ते पाहून 'टर्न ऑन', 'क्लोज', 'प्लांट', 'अप्लाय' असे वेगवेगळे शब्द घ्यावेत.

'डू' आणि 'मेक' यांचा काही नियम आहे का?

पक्का नियम नाही, कल आहे. ज्यातून नवी वस्तू, आवाज, निर्णय, वचन किंवा चूक निर्माण होते तिथे 'मेक'. जे काम पार पाडायचे असते तिथे 'डू'. म्हणून 'मेक टी', 'मेक अ मिस्टेक', 'मेक अ प्रॉमिस', परंतु 'डू द डिशेस', 'डू होमवर्क', 'डू अ फेवर'. बाकीचे वाचून अंगवळणी पडते.

'रिमेंबर' आणि 'रिमाइंड' यांखेरीज 'रिमेंबर टू' आणि 'रिमेंबर' अधिक 'इंग' असेही दोन प्रकार दिसतात. ते काय आहेत?

आठवणे म्हणजे 'रिमेंबर', आठवण करून देणे म्हणजे 'रिमाइंड'. येथे पुन्हा प्रयोजकाचाच भेद आहे, जसा 'लर्न' आणि 'टीच' यांत शिकणे-शिकवणे असा आहे. दुसरा भेद काळाचा आहे. 'रिमेंबर टू लॉक द डोअर' म्हणजे कुलूप लावायला विसरू नको. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे कुलूप लावल्याचे मला आठवते. 'स्टॉप'मध्ये हा फरक आणखी टोकाचा होतो: 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे त्याने सिगारेट सोडली, आणि 'ही स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे तो सिगारेट ओढण्यासाठी थांबला.

'आय लिव्ह इन ठाणे' म्हटले तरी लोकांना 'लीव्ह' का ऐकू येते?

मराठी शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार सहसा दीर्घ असतो: वीट, पीठ, मीठ, कठीण. बोलतानाही आपली जीभ त्याच वळणाने जाते, आणि मराठी बोलण्यात इकाराच्या ऱ्हस्व-दीर्घावरून अर्थ बदलण्याचे प्रसंग विरळ असल्यामुळे कानही तो फरक टिपत नाही. त्यामुळे राहणे हे 'लिव्ह' आणि सोडून जाणे हे 'लीव्ह' एकच होऊन बसतात. 'फिल' आणि 'फील', 'स्लिप' आणि 'स्लीप' यांचीही तीच गत होते. इंग्रजीतला फरक केवळ लांबीचा नाही. ऱ्हस्व उच्चारात जीभ किंचित खाली आणि सैल असते, दीर्घ उच्चारात ती वर ताणलेली असते आणि ओठ फाकतात. नुसते घाईने म्हटल्याने 'लिव्ह' होत नाही.

'अफेक्ट' आणि 'इफेक्ट', 'ॲडव्हाइज' आणि 'ॲडव्हाइस' यांत क्रियापद कोणते?

परिणाम करणे हे 'अफेक्ट', परिणाम हे नाम 'इफेक्ट'. 'द रेन अफेक्टेड द सोयाबीन क्रॉप', परंतु 'द इफेक्ट ऑफ द रेन'. 'इफेक्ट' क्वचित क्रियापद म्हणूनही येते, तेव्हा अर्थ घडवून आणणे असा होतो, जसे 'इफेक्ट अ चेंज'. सरकारी पत्रांतले 'विथ इफेक्ट फ्रॉम' हे नामच आहे. सल्ला देणे हे क्रियापद 'एस'ने, सल्ला हे नाम 'सी'ने लिहितात, आणि येथे उच्चारही बदलतो. 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' यांत उच्चार तोच राहून ब्रिटिश पद्धतीत क्रियापदाला 'एस' व नामाला 'सी' येतो. अमेरिकन पद्धतीत 'प्रॅक्टिस' दोन्हीकडे 'सी'ने आणि 'लायसन्स' दोन्हीकडे 'एस'ने लिहितात.

'हंग' आणि 'हँग्ड', 'फाउंड' आणि 'फाउंडेड' यांपैकी बरोबर कोणते?

चारही बरोबर आहेत. चित्र भिंतीवर टांगले तर 'हंग', फाशी दिले तर 'हँग्ड'. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना 23 मार्च 1931 रोजी लाहोरला फाशी देण्यात आले. त्याबद्दल लिहिताना 'वेअर हँग्ड' असे लिहावे. 'फाउंड' हा 'फाइंड'चा भूतकाळ आहे, परंतु स्थापन करणे या अर्थाचे 'फाउंड' हे स्वतंत्र, नियमित क्रियापद आहे. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, म्हणून 'फुले फाउंडेड'. 'फुले फाउंड' लिहिल्यास तो समाज त्यांना कुठेतरी सापडला असा अर्थ होईल.

'गिव्ह ॲन एक्झाम' म्हणणे चूक आहे का?

भारतात ते इतके रुळले आहे की येथील वाचकाचा गैरसमज होत नाही, आणि आपसात बोलताना त्यावर डोळे वटारण्याचे कारण नाही. परंतु ब्रिटन-अमेरिकेत परीक्षा घेणारा ती 'गिव्ह' करतो आणि देणारा 'टेक' करतो. ब्रिटनमध्ये 'सिट' असेही म्हणतात. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात 'आय गेव्ह द एक्झाम इन मे' असे लिहिणारा विद्यार्थी परीक्षक वाटण्याचा संभव असतो, म्हणून तिथे 'टुक' लिहावे.

शब्दकोश आणि संगणकावरील तपासणी यांवर किती विसंबावे?

एका शब्दाला एक प्रतिशब्द देणारा कोश या कामी कमी पडतो, कारण 'लेंड' आणि 'बॉरो' दोन्हींपुढे 'उसने' हा शब्द असतोच. विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशांत क्रियापदापुढे सकर्मकासाठी 'टी' आणि अकर्मकासाठी 'आय' अशी खूण असते, जुन्या कोशांत 'व्ही टी' आणि 'व्ही आय'. ती खूण आणि खालचे उदाहरणवाक्य अर्थाच्याही आधी पाहावे. वहीत टिपताना सुटे क्रियापद न लिहिता कर्मासह लिहावे: 'रॉब अ बँक', 'स्टील अ फोन', 'एक्सप्लेन अ रूल टू समवन'. स्पेलिंग तपासणारी साधने 'लूज'च्या जागी 'लूस' किंवा 'फेल'च्या जागी 'फील' पडले तरी गप्प बसू शकतात, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. व्याकरण तपासणाऱ्या साधनांना यांतल्या काही चुका सापडतात, परंतु 'आय डाउट दॅट द पीयून टुक इट' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असल्यामुळे ते त्यांच्या हाती लागत नाही. तिथे लिहिणाऱ्यालाच आपल्याला 'असेल' म्हणायचे आहे की 'नसेल', हे पाहावे लागते.